लेंड्या मोजणे

अकोल्याला परत जाताना शलाका
वहीचं पान फाडून फ्रिजवर चिकटवून गेली:
कान धरून उचलायचं नाही.
गाजर म्हणजे पेढा, रोज नाही.
चार्जरच्या वायरी लपव.
आणि खाली, दोन रेघा मारून:
बाबा, लेंड्या मोज.

सोहारला जुलैत दुपारी
गॅलरीचं दार उघडलं की
भट्टीचं झाकण काढल्यासारखं होतं.
एसी एकच धड चालतो, ती खोली तिची.
मी हॉलमध्ये, पंख्याखाली.
बाटलीत पाणी गोठवतो, फडक्यात गुंडाळतो,
तिच्या अंगाशी ठेवतो.
ती तिला पाठ लावून, मागचे पाय लांब सोडून पसरते,
मानपान झालेल्या विहीणबाईसारखी.

खारीक हे नाव रंगावरून.
सूकमधला विकणारा म्हणाला होता,
गत्त घाला, बाकी काही मागत नाही.
गत्त म्हणजे आपला लसूणघास.
डॉक्टर अल्फातिह हसले. ते पिल्लांना.
मोठ्यांना सुकं गवत, दिवसभर, ढीगभर;
दात वाढतच असतात त्यांचे,
चावत राहिलं नाही
तर स्वतःचेच दात स्वतःला रुततात.

बंदरावर मी क्रेन चालवतो.
वरच्या केबिनमधून खालची माणसं
लेंड्यांएवढी दिसतात. मोजायची सवय आधीचीच.

दोन महिने तिनं मला जमेस धरलं नाही.
मग कळलं, वरून येणारा हात
तिच्या लेखी ससाणा असतो,
आणि नाकासमोरचं तिला दिसतच नाही.
म्हणून बूट काढून फरशीवर बसू लागलो, तिरका,
पगाराची चिठ्ठी वाचत असल्यासारखा.
एक दिवस येऊन तिनं
माझ्या चपलेवर हनुवटी घासली.
म्हणजे चप्पल तिची झाली.
आता कपाळावर बोट फिरवलं की
दात हलकेच वाजवते,
कुणी शेजारच्या खोलीत सुपारी कातरावी तसे.

गुरुवारी घरी आलो तर ट्रे स्वच्छ.
कोथिंबीर सकाळची तशीच, माना टाकलेली.
ती कोपऱ्यात, अंग चोरून, डोळे अर्धे मिटून,
दात वाजत होते, पण हा आवाज वेगळा,
कडक.
कान हाताला गार लागले. बाहेर बेचाळीस.

डॉक्टरांनी दवाखाना पुन्हा उघडला.
पोट चाचपलं, कातडीखाली पाणी सोडलं,
सिरिंज दिली, गवताच्या भुकटीची पेज दिली,
दर दोन तासांनी, गालातून, सावकाश.
म्हणाले, दुखतंय हे ती सांगणार नाही.
जो आजारी दिसतो त्यालाच आधी उचलतात,
हे त्यांना जन्मतः ठाऊक.

दहाला फोन आला.
खारीक काय करतेय?
झोपलीय.
तू जेवलास?
हो.

बारा. दोन. चार.
मांडीवर टॉवेल, टॉवेलमध्ये ती,
अर्धी पेज तिच्या पोटात, अर्धी माझ्या शर्टावर.
तिचं काळीज माझ्या तळव्यात
शिवणयंत्रासारखं धावत होतं.
पहाटेची अजान संपता संपता
फरशीवर बारीक टप् झालं.
एक.
मिऱ्याएवढी, वेडीवाकडी.
पुढं आणखी दोन.

पन्नास वर्षांचा माणूस मी,
त्या तिघींचा फोटो काढला आणि पाठवला.
तिकडे उजाडलेलं होतं. लगेच फोन आला.
शलाका थोडा वेळ काही बोललीच नाही.
मग म्हणाली,
म्हणजे काल ती झोपली नव्हती.
नव्हती.
बाबा, कॅमेरा फिरव.
खारकेकडे फिरवला. तिनं कोथिंबिरीचा देठ ओढला.
ती नाही. ओट्याकडे.
पातेलं आहे ना तिथं? झाकण काढ.

मी झाकणावर हात ठेवून उभा.
मागून, लाकडी फळीवर,
खारकेनं एकदाच पाय आपटला.